कॉलेजचा पेपर ऑनलाइन शिकवायचाय? आधी पोरांच्या हातातल्या फोनची चौकशी करा

आपल्या भागातल्या कॉलेजात कुणी ऑनलाइन शिकवायचं म्हटलं की पहिला प्रश्न हमखास येतो, झूम घेऊ का मीट, माईक कुठला घेऊ, माझा जुना लॅपटॉप चालेल का. ते सगळं पुढं सांगतेच, पण त्याच्या आधी एक काम आहे आणि ते केलं नाही तर बाकीचं सगळं वाया जातं. आपल्या वर्गातल्या पोरापोरींच्या घरी फोन कुणाचा आहे, तो किती वाजता घरात असतो आणि रेंज कुठं येते हे आधी माहिती करून घ्या. सांगलीच्या कॉलेजात जतच्या वस्तीवरचं पोरगं आणि विश्रामबागेतला मुलगा एकाच हजेरीपटावर असतात, साताऱ्यात शाहूपुरीतली मुलगी आणि बामणोलीकडची मुलगी एका बाकावर बसतात, वर्गात हा फरक आपल्याला जाणवत पण नाही, ऑनलाइन गेलं की पहिल्याच दिवशी जाणवतो.

मी सांगली जिल्ह्यात सीनियर कॉलेजला अर्थशास्त्र शिकवते, त्यामुळं उदाहरणं माझ्या विषयाची येतील, तुम्ही तुमच्या विषयाला लावून घ्या.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करते. अख्खी पदवी ऑनलाइन देणं हा वेगळा मामला आहे, त्याला यूजीसीची, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाची, स्वतंत्र मान्यता लागते, ते आपल्या हातात नाही. आपण बोलतोय ते आपल्या रेग्युलर पेपरचा काही भाग ऑनलाइन शिकवण्याबद्दल. यूजीसीने मे २०२१ मध्ये ब्लेंडेड पद्धतीची जी संकल्पना मांडली त्यात एका कोर्सचा ४० टक्क्यांपर्यंत भाग ऑनलाइन आणि बाकीचा वर्गात असं धरलंय. म्हणजे एका पेपरचे चार युनिट असतील तर एखादं युनिट ऑनलाइन घ्यायला आरामात वाव आहे, आणि पहिल्या सत्रात एकच युनिट घ्या असं माझं ठाम मत आहे, सगळा पेपर एकदम अंगावर घेऊ नका. प्राचार्यांना आणि विभागप्रमुखांना लेखी कळवा, टाइमटेबलमध्ये तशी नोंद करून घ्या, सीएचबीवर, म्हणजे तासाप्रमाणे मानधनावर, असाल तर हे दुप्पट महत्त्वाचं, कारण ऑनलाइन घेतलेला तास बिलात धरायचा का नाही यावरून नंतर वाद नको. मला वाटतं सीएचबीच्या लोकांनी तर तासांचं लेखी उत्तर हातात आल्याशिवाय रेकॉर्डिंगला बसूच नये.

चौकशी कागदावर करा

आता ती चौकशी कशी करायची. इथं सगळे गुगल फॉर्म पाठवतात आणि इथंच फसतात, कारण ज्याच्याकडं नेट नाही तोच फॉर्म भरत नाही आणि मग आपल्याला रिझल्ट दिसतो की वर्गात सगळ्यांकडं नेट आहे. पहिल्या आठवड्यात वर्गातच अर्धा पान कागद वाटा आणि पाच सहा गोष्टी लिहून घ्या: फोन स्वतःचा का घरातला, घरातला असेल तर तो किती वाजता हातात येतो, रोजचा पॅक किती जीबीचा आणि तो अजून कोण वापरतं, कुठल्या सिमला घरात रेंज येते, फोनमध्ये जागा शिल्लक आहे का, आणि गावात लाईट साधारण कधी जाते. नाव लिहायला सांगा पण हे कुणाला दाखवणार नाही हे पण सांगा, पोरं लाजतात, माझ्याकडं फोन नाही हे चारचौघात म्हणवत नाही त्यांना.

हे कागद घरी नेऊन शांत वाचा. मुलींच्या कागदावर बऱ्याचदा लिहिलेलं असतं की फोन भावाकडं किंवा पप्पांकडं असतो, संध्याकाळी सातनंतर मिळतो, आणि सात ते नऊ स्वयंपाक असतो. म्हणजे सकाळी ११ चा लाइव्ह तास लावला तर ती मुलगी गेलीच आणि रात्री ८ ला लावला तरी गेलीच. ऊसतोडीच्या हंगामात, द्राक्षाच्या छाटणीत, हळद काढायच्या दिवसात पोरं घरच्या कामात असतात हे आपल्याला माहितीच आहे. या सगळ्याचा एकच अर्थ निघतो, शिकवायचा मुख्य भाग असा पाहिजे की जो पोरगं त्याला वेळ मिळेल तेव्हा बघेल, थांबवून बघेल, दोनदा बघेल, आणि सगळ्यांनी एकत्र येऊन बोलायचं ते थोडंच पण नेमकं. हे डोक्यात बसलं की पुढचे निम्मे प्रश्न आपोआप सुटतात.

तास तुकड्यात तोडायचा

वर्गातला ४८ मिनिटांचा तास जसाच्या तसा कॅमेऱ्यासमोर घेतला तर कुणीच शेवटपर्यंत बघत नाही, आणि बघायला डेटा पण पुरत नाही. वर्गात आपण पोरांचे चेहरे बघून वेग बदलतो, मधेच कुणाला तरी उभं करतो, फळ्याकडं जातो, त्यात मन लागतं. रेकॉर्डिंगमध्ये हे काहीच नसतं म्हणून विषयाचे छोटे तुकडे करायचे, एका तुकड्यात एकच मुद्दा, सात ते दहा मिनिटं बास.

माझ्या विषयातला मागणीची लवचिकता हा भाग घेते. पहिला तुकडा, लवचिकता म्हणजे काय, तर दर बदलला की मागणी किती बदलते. मीठ महागलं म्हणून कुणी भाजीत मीठ कमी घालत नाही, द्राक्षं महागली की मात्र लोक किलोऐवजी अर्धा किलो घेतात, एवढंच सांगायचं आणि थांबायचं. दुसरा तुकडा आकडे. द्राक्षाचा दर ८० रुपयांवरून १०० झाला म्हणजे २५ टक्के वाढला, मागणी ५० किलोवरून ३० किलोवर आली म्हणजे ४० टक्के घटली, ४० भागिले २५ म्हणजे १.६, एकापेक्षा जास्त आहे म्हणून मागणी लवचिक. हे कागदावर स्केचपेनने लिहीत लिहीत दाखवायचं, आधी टाइप केलेली स्लाइड नको, हात चालताना दिसला की पोरगं पण वही घेऊन बसतं. तिसरा तुकडा लवचिकतेच्या पाच प्रकारांच्या आकृत्या. प्रत्येक तुकड्याच्या शेवटी एक प्रश्न टाकायचा, उत्तर वहीत लिहायचं, आणि उत्तर पुढच्या तुकड्याच्या सुरुवातीला सांगायचं.

मग आठवड्यातून एकदा लाइव्ह, अर्धा पाऊण तास, आणि तिथं परत लेक्चर द्यायचं नाही म्हणजे नाही. तिथं चर्चा. मी विचारते की द्राक्षाचा दर पडला तर बागायतदार थांबू शकतो का, आणि बेदाण्याचा पडला तर थांबू शकतो का. तासगाव, कवठेमहांकाळकडची पोरं लगेच बोलती होतात, कारण घरातलं आहे, द्राक्ष टिकत नाही म्हणून मिळेल त्या दराला द्यावं लागतं आणि बेदाणा कोल्ड स्टोरेजला ठेवून दराची वाट बघता येते, तिथून पुरवठ्याची लवचिकता, वेळेचा परिणाम, साठवणुकीचा खर्च असं सगळं पोरांच्या तोंडूनच बाहेर येतं. वर्गात शेवटच्या बाकावर गप्प बसणारं पोरगं त्या दिवशी पाच मिनिटं सलग बोलतं. यासाठीच लाइव्ह वेळ राखून ठेवायचा.

रेकॉर्डिंगला काय लागतं

फार काही लागत नाही. आवाज महत्त्वाचा, चित्र नंतर. चित्र जरा धूसर असलं तरी पोरं बघतात, आवाज खरखरला की बंद करतात. साधा वायरचा इअरफोन, ज्याला माईक असतो, तो कॉलरजवळ पिनने लावला तरी काम होतं, पुढं जमलं तर वायरचा कॉलर माईक घ्या. पंखा बंद करा, हे सगळ्यात आधी. कुकरच्या शिट्ट्या आणि भोंगा लावून फिरणारे भाजीवाले यांच्या वेळा सोडून बसा, पहाटे किंवा दुपारी जेवणानंतर शांत असतं. रिकाम्या खोलीत आवाज घुमतो म्हणून जिथं गाद्या, पडदे, कपाट आहे अशी खोली बघा. खिडकी तुमच्या समोर पाहिजे, पाठीमागं असली की चेहरा काळा येतो.

लिहून दाखवायचं असेल, म्हणजे अकाउंट्स, गणित, स्टॅटिस्टिक्स वगैरे, तर फोन वरून खाली कागदाकडं बघेल असा लावायचा. स्टँड नसेल तर दोन बाजूला पुस्तकांच्या उंच थप्प्या आणि मधे आडवी जाड पट्टी, तिच्यावर फोन, एवढं बास होतं. ठळक पेन वापरा, अक्षर वर्गातल्या फळ्यावर काढता तसं मोठं काढा, फोनच्या पाच सहा इंची स्क्रीनवर बारीक अक्षर कुणाला दिसत नाही.

स्लाइड वापरणार असाल तर पॉवरपॉइंटमध्येच आवाजासकट रेकॉर्ड करून त्याचा व्हिडिओ काढता येतो, वेगळं सॉफ्टवेअर लागत नाही. ज्यांना स्क्रीन आणि कॅमेरा दोन्ही एकत्र पाहिजे त्यांनी ओबीएस स्टुडिओ घ्या, फुकट आहे, शिकायला एक दुपार द्यावी लागते. फाईल मोठी झाली तर हँडब्रेक नावाचं अजून एक फुकट सॉफ्टवेअर आहे, त्यात ती लहान करून घ्या.

आणि प्रत्येक तुकड्याचा नुसता आवाज पण वेगळा काढून ठेवा, हे कुणी करत नाही आणि याचाच सगळ्यात जास्त उपयोग होतो. ६४ केबीपीएसला दहा मिनिटांचं ऑडिओ पाच एमबीच्या आत बसतं, रेंजची एक काडी असली तरी उतरतं, शेतात पाणी पाजताना कानात घालून ऐकता येतं. त्यामुळं बोलताना "हे बघा इथं असं होतं" असं म्हणू नका, "दर वाढला, मागणी कमी झाली, रेषा डावीकडून उजवीकडं खाली उतरते" असं तोंडाने पूर्ण सांगा. जत भागातल्या काही पोरांच्या घरी कन्नड बोलतात, त्यांना पण असं सावकाश पूर्ण बोललेलं बरं पडतं.

नोट्सचा फॉन्ट

मराठीत शिकवणाऱ्यांनी हा भाग सोडू नका. आपल्याकडं वर्षानुवर्षं नोट्स श्रीलिपी नाहीतर कृतीदेवमध्ये टाइप केलेल्या असतात, ती वर्डची फाईल तशीच ग्रुपवर टाकली की पोरांच्या मोबाईलवर नुसती इंग्रजी चिन्हं दिसतात. पोरं सांगत पण नाहीत, त्यांना वाटतं आपलाच फोन बिघडलाय. जुन्या नोट्स पाठवायच्याच असतील तर पीडीएफ करून पाठवा, आणि नवीन जे काय टाइप कराल ते युनिकोडमध्येच करा, त्यातलं मराठी कुठल्याही फोनवर नीट दिसतं. टायपिंगचा कंटाळा असेल तर फोनमध्ये जीबोर्डला मराठी बोलून टाइप होतं, जोडाक्षरं आणि विषयातले शब्द तेवढे नंतर तपासायचे. पीडीएफ पण ए-फोर पानावर बारा पॉइंटची नको, फोनवर वाचताना दर ओळीला डावी उजवीकडं सरकवावं लागतं. अक्षर मोठं ठेवा, पानं वाढली तरी चालतील. छापील पुस्तकाची प्रकरणंच्या प्रकरणं स्कॅन करून यूट्यूबला किंवा उघड्या लिंकवर टाकू नका, वर्गात शिकवण्यासाठी कॉपीराइट कायद्यात सूट आहे पण ती जगाला वाटायची सूट नाही.

ठेवायचं कुठं

व्हिडिओ यूट्यूबवर अनलिस्टेड करून ठेवा. अनलिस्टेड म्हणजे लिंक असेल त्यालाच दिसतो, शोधून सापडत नाही, प्रायव्हेट केलात तर एकेकाचा ईमेल घालावा लागेल ते नको. चॅनेल फोन नंबरने व्हेरिफाय केलेलं नसेल तर १५ मिनिटांपेक्षा मोठा व्हिडिओ चढत नाही, आपले तुकडे छोटे आहेत त्यामुळं अडत नाही. मुलांसाठी आहे का असा प्रश्न येतो तिथं नाही म्हणा, कॉलेजची पोरं त्यात येत नाहीत, आणि हो म्हटलं तर कमेंट बंद होतात.

नोट्स, असाइनमेंट, तारखा यासाठी गुगल क्लासरूम. फुकट आहे, फोनवर चालतं, कुणी काय जमा केलं ते एका ठिकाणी दिसतं. फक्त क्लासरूम तुम्ही कॉलेजच्या आयडीने उघडणार का स्वतःच्या जीमेलने हे आधी ठरवा, कारण कॉलेजच्या आयडीच्या क्लासमध्ये बाहेरच्या जीमेलवाल्यांना सेटिंगमुळं आत येता येत नाही असं होतं. कॉम्प्युटर विभागातल्या सरांना एकदा विचारून घ्या. ज्यांच्या कॉलेजात मूडल, म्हणजे क्लासरूमसारखंच दुसरं सॉफ्टवेअर, बसवलेलं आहे त्यांनी तेच वापरा, पोरांना दोन दोन ठिकाणं नकोत.

व्हॉट्सॲप लागतंच, पण एक काळजी घ्या. साधा ग्रुप केला की सगळ्या मुलींचे नंबर सगळ्यांना दिसतात आणि त्यावरून नको ते मेसेज सुरू होतात, मुली ग्रुप सोडतात आणि त्यांचा अभ्यास सुटतो. त्यामुळं सूचना द्यायला चॅनेल करा, नाहीतर कम्युनिटीचा अनाउन्समेंट ग्रुप वापरा, त्यात सदस्यांना एकमेकांचे नंबर दिसत नाहीत. शंका विचारायला थेट तुम्हाला मेसेज करू दे, वेळ ठरवून द्या, मी संध्याकाळी एक तास ठरवलाय आणि त्या तासात उत्तर देतेच. ठरलेल्या वेळी उत्तर येतं हे पोरांना कळलं की रात्री अकराला मेसेज येणं आपोआप थांबतं.

लाइव्ह तासाचं

फुकटचं मीट तीन किंवा जास्त माणसं असली की ६० मिनिटांनी बंद होतं, फुकटचं झूम ४० मिनिटांनी, दोन्हीत १०० जणांपर्यंत. बीएच्या पहिल्या वर्षाचा वर्ग मोठा असेल तर दोन बॅच करा, चर्चा तशी पण लहान गटातच होते. फुकटच्या अकाउंटवर मीट रेकॉर्ड होत नाही म्हणून तासात ठरलेले मुद्दे दहा ओळीत लिहून त्याच दिवशी टाका, ज्यांना येता आलं नाही त्यांच्यासाठी.

लिंक उघड्यावर टाकू नका, स्क्रीन शेअर करायचं बटण पोरांना बंद ठेवा. कॅमेरा चालू ठेवा म्हणून सक्ती नको, एका खोलीचं घर असतं, मागं आजी झोपलेली असते, डेटा पण जातो. त्याऐवजी नाव घेऊन बोलवा. "कुणाला काही शंका?" असं हवेत विचारलं की शांतता, "पाटील, तुमच्याकडं यंदा बेदाणा ठेवला का विकला?" असं विचारलं की माईक चालू. नाव घेतल्यावर दहा सेकंद थांबायचं, नेट हळू असतं, त्याला अनम्यूट करायला वेळ लागतो, आपण घाईने पुढच्याकडं जातो आणि ते पोरगं बोलायला तोंड उघडेपर्यंत वेळ गेलेली असते. बोलता येत नाही त्याने चॅटमध्ये मराठी, इंग्रजी लिपीत, कसंही लिहू दे.

मार्क कसे द्यायचे

गुगल फॉर्मला क्विझ करता येतं, उत्तरं आधी भरून ठेवली की मार्क आपोआप पडतात, प्रश्नांचा क्रम प्रत्येकाला वेगळा देता येतो. पण हे सरावाला चांगलं, अंतर्गत गुणांना एकट्या त्याच्यावर भरवसा ठेवू नका, एकाने सोडवलं की स्क्रीनशॉट सगळीकडं जातो. त्यापेक्षा प्रत्येकाचा प्रश्न वेगळा होईल असं करा. उदाहरणार्थ, दर ५० वरून ५० अधिक तुमच्या रोल नंबरचे शेवटचे दोन अंक इतका झाला, मागणी २०० वरून १५० झाली, लवचिकता काढा. प्रत्येकाचं उत्तर वेगळं येतं, आपल्याला एक्सेलमध्ये एक सूत्र घातलं की तपासून मोकळं. रोल नंबर शून्य शून्यने संपत असेल त्याला तेवढा वेगळा आकडा द्या, नाहीतर दर बदलणारच नाही. दुसरा प्रश्न गावातला द्या, तुमच्या आठवडी बाजारात तीन भाज्यांचा दर दोन आठवडे लिहून आणा आणि गिऱ्हाईक कसं वागलं ते लिहा, वहीचा फोटो चालेल. हे नेटवरून उचलता येत नाही, आणि बाजारात भाजी विकणाऱ्या आईबरोबर बसणारी मुलगी यात सगळ्यांच्या पुढं जाते. तिसरं म्हणजे फोनवर पाच मिनिटांची तोंडी, वेळ खातं पण कुणाला कळलंय आणि कुणाला नाही हे पाच मिनिटांत लख्ख दिसतं.

सुरू करायच्या आधी अजून एक करा, स्वयमवर, म्हणजे केंद्र सरकारच्या ऑनलाइन कोर्सच्या पोर्टलवर, स्वतः एखाद्या कोर्सला विद्यार्थी म्हणून नाव घाला. स्वयम २०१७ च्या जुलैत सुरू झालं, कोर्स फुकट बघता येतात, परीक्षेला तेवढी फी. तिथं चार भाग असतात, व्हिडिओ, वाचायचं साहित्य, चर्चा आणि स्वतःची चाचणी, आपला एका युनिटचा छोटा कोर्स याच चार भागात बसवता येतो. विद्यार्थी होऊन बघितलं की कळतं कुठं कंटाळा येतो, कुठं आपण व्हिडिओ पुढं ढकलतो. प्रमोशनच्या फाईलसाठी पण हे लक्षात असू द्या, यूजीसीच्या २०१८ च्या नियमावलीत चार भागात तयार केलेल्या ई-कंटेंटला गुण आहेत, म्हणून प्रत्येक व्हिडिओच्या सुरुवातीला नाव, पेपरचं नाव, वर्ष घाला आणि मूळ फाईल स्वतःकडं एका हार्ड डिस्कवर ठेवा.

दुसरा आठवडा संपला की क्लासरूम उघडून बघा कुणी एकदाही काही जमा केलेलं नाही. त्यांना ग्रुपवर नावं टाकून बोलू नका, फोन करा. वडील उचलतील, कॉलेजचं नाव आणि आपलं नाव आधी सांगा, तक्रार नाही हे लगेच सांगा, मग मुलीला फोन रोज कुठल्या अर्ध्या तासाला देता येईल एवढंच विचारा. बहुतेक घरात वेळ मिळते, कुणी विचारलेलं नसतं एवढंच. आणि ज्यांच्याकडं काहीच सोय नाही, कोयनेच्या बाजूला पावसात दिवस दिवस लाईट नसते, कृष्णेला पाणी चढलं की नदीकाठची गावं तुटतात, त्यांच्यासाठी सगळे व्हिडिओ, ऑडिओ, पीडीएफ एका पेनड्राइव्हमध्ये भरून कॉलेजच्या लायब्ररीत ठेवा, परीक्षेचा फॉर्म भरायला किंवा एसटीचा पास काढायला पोरगं तालुक्याला येतंच, त्या दिवशी फोनमध्ये कॉपी करून घेईल. लायब्ररीच्या मॅडमना आधी सांगून ठेवा आणि रजिस्टरमध्ये कोण घेऊन गेलं त्याची सही घ्या, म्हणजे कुणाचं राहिलंय ते तुम्हाला महिन्याच्या शेवटी कळेल.